मिरवणूक नसलेले तप

आमच्या समाजात उपवासाची मिरवणूक निघते. अठ्ठाई झाली, मासक्षमण झाले की बँड येतो, बग्गी येते, पारण्याची निमंत्रणे छापली जातात, तपस्व्याला पाटावर बसवून ओवाळतात आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात फोटो येतो. माझी त्याला हरकत नाही. महिनाभर पाण्यावर राहणे खेळ नव्हे, आणि असे तप करणाऱ्या बायकांच्या पाया मी पडलेली आहे. माझे भांडण वेगळे आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास म्हणजे अनशन, ते बाह्य तपातले. आभ्यंतर तपात प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान येतात. पाठशाळेत आपण सगळ्यांनी हे घोकले, परीक्षेत लिहिले, बक्षिसाचा स्टीलचा डबा घरी आणला. पण वैयावृत्त्य म्हणजे नेमके काय, असे आज एखाद्या ट्रस्टीला विचारा. सांगतील, मुनीमहाराजांचे पाय दाबणे. शास्त्रात वैयावृत्त्याला पात्र असलेल्या दहा जणांची यादी आहे, आचार्यांपासून सुरू होणारी. त्यात 'ग्लान' हा शब्द आहे. ग्लान म्हणजे आजारी. यादी साधूंची आहे, हे मला माहीत आहे. पण ज्या धर्माने आजारी माणसाच्या सेवेला ध्यानाच्या पंक्तीत बसवले, त्या धर्माच्या गृहस्थांनी घरच्या ग्लानाचे काय केले, हा प्रश्न मी विचारणारच. उत्तरही मला ठाऊक आहे. त्यांनी तो बायकोच्या पदरात टाकला, आणि वर तिला म्हणाले, तू पुण्यवान.

माझे माहेर सोलापूरचे. ज्या गावात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकांना शिकवून पायावर उभे केले, त्या गावचे. लग्न होऊन धारला आले आणि यांनी कापडाचे दुकान देवासला हलवल्यावर देवासकर झाले. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. मराठी बोलणारी घरे म्हणूनच माळव्यात इतकी रुजली. आम्ही जैन मराठी बोलणारे त्यातही थोडे. घरात मराठी, दुकानात हिंदी, मंदिरात प्राकृत आणि हॉस्पिटलात इंग्रजी. या शेवटच्या भाषेने मला एकसष्टाव्या वर्षी गाठले नाही, यांना गाठले. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते.

यांना चार महिने खोकला होता. पहिल्या डॉक्टरांनी थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्या देशात हे फार होते. एक्सरेत डाग दिसला की आधी टीबी, आणि गोळ्यांनी उतार पडला नाही की मग पुढचा विचार. तीन महिने असे गेले. मग इंदूरला सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला गेला, आणि कागदावर शब्द आला : ॲडिनोकार्सिनोमा. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात चार सेंटिमीटरहून थोडी मोठी गाठ, जवळची एक लसिकाग्रंथी बाधित, दुसरी पायरी. विडी, सिगारेट, तंबाखू यांनी जन्मात ओठाला लावली नव्हती.

इथपर्यंत झाले ते आजाराचे. इथून पुढे समाज सुरू होतो.

पहिली सूचना आली ती नाव लपवण्याची. "छातीत पाणी झालंय असं सांगा वहिनी, पोरीच्या लग्नाचं बघायचंय." हे सांगणारे शत्रू नव्हते, सख्खे होते. मी विचारले, पाणी झालेल्या माणसाचा फुफ्फुसाचा तुकडा का कापतात, हे कुणी विचारले तर काय सांगू? उत्तर आले, लोक इतके विचारत नाहीत. हे मात्र खरे निघाले. लोक विचारत नाहीत, कारण ज्याला त्याला आपल्या घरचे लपवायचे असते. अशाने काय होते पाहा. आमच्याच गल्लीत, चार घरे सोडून, एका बाईच्या नवऱ्याचे तेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले होते. तिला सगळे माहीत होते : कोणता कागद कुठे लागतो, कोणत्या खिडकीवर सकाळी किती वाजता उभे राहायचे, पहिल्या किमोनंतर कोणत्या दिवशी माणूस गळतो. आणि मला ती बाई सापडली तिसऱ्या किमोच्या वेळी, वॉर्डात. तिनेही घरी 'छातीत पाणी'च सांगितले होते. दोन बायका चार घरांच्या अंतरावर एकच विहीर वेगवेगळ्या खणत होत्या.

आणि ज्याचे शरीर, त्यालाच न सांगण्याची आपल्याकडची रीत तर मला मुळीच मान्य नाही. "त्यांना सांगू नका, खचतील." अहो, इतकी वर्षे ज्याने दुकान चालवले, उधारी बुडाली ती सोसली, दोन भावांची कर्जे फेडली, तो माणूस स्वतःच्या छातीत काय आहे हे ऐकून खचेल म्हणून त्याला अंधारात ठेवायचे? संमतीच्या कागदावर सही कुणाची असते? यांना मी त्याच संध्याकाळी सांगितले. यांनी चष्मा पुसला, आणि पहिला प्रश्न विचारला तो दुकानातल्या दोन नोकरांच्या पगाराचा. दुसऱ्या दिवशी बँकेच्या पासबुकांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. बायांनो, ती पिशवी मागायला नवऱ्याच्या आजाराची वाट पाहू नका. कोणत्या खात्यात किती, नॉमिनी कोण, मेडिक्लेमचा हप्ता कधी, हे नवऱ्याइतकेच तुम्हालाही माहीत हवे. विचारणे अशुभ नाही. अशुभ असते ती रात्री दोन वाजता कॅश काउंटरसमोर उभे राहून मुलाला पुण्याला फोन लावायची वेळ.

दुसरी सूचना कर्माची. भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस खुर्चीवर टेकायच्या आत म्हणे, "भाभीजी, कर्मों का उदय है." मराठीत असले तर, "पूर्वीचे काहीतरी असणार." निर्व्यसनी माणसाला कॅन्सर झाला की हे वाक्य फार कामाला येते, कारण विडीला दोष देता येत नाही, मग मागच्या जन्माला द्यायचा. खरे तर विडी न ओढणाऱ्यांना हा रोग होतो, भारतात तर पुष्कळांना होतो. इतरांच्या विडीचा धूर, चुलीचा कोळसा, शहराची हवा, कित्येकदा पेशीतला एखादा बदल, कारणे अनेक आहेत. बाहेरच्या दूषित हवेने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ साली जाहीर केले. पण आमच्या काकूंना त्याहून खोलवर दिसते.

मी कर्मसिद्धांत मानते. म्हणूनच संतापते. असाता वेदनीय कर्माचा उदय कुणाला, केव्हा, कशामुळे, हे जाणणे केवलज्ञान्याचे काम आहे. सराफ्यातून भाजी घेऊन परतताना दहा मिनिटे टेकणाऱ्याचे नाही. कर्म हा आरसा आहे, माणसाने स्वतःचे तोंड पाहायचे आहे. आपण तो दुसऱ्याच्या खाटेसमोर धरतो. आणि समजा, उदय आहे असे मानले, तरी मग तुमचे कर्तव्य काय ठरते? समोरचा माणूस बांधलेले कर्म भोगतो आहे, आणि तुम्ही बसल्या बसल्या कठोर वचनाने नवे बांधता आहात. याचा हिशेब कोण ठेवतो?

तिसरी सूचना सांगताना माझा हात अजून थरथरतो. ऑपरेशनला आठ दिवस होते. एक वयस्कर गृहस्थ, समाजात मान असलेले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "चिरफाड कशाला करता? वय झालंच आहे. महाराजांना विचारून सल्लेखना घेतली तर भव सुधारेल."

एकसष्ट वर्षांचा माणूस. गाठ काढता येण्याजोगी. सर्जन तारीख देऊन बसलेले.

सल्लेखनेवर बोलायला मी कुणी पंडिता नाही, पण वाचता मला येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना केव्हा, हे स्पष्ट दिले आहे : उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग आला आणि त्यावर प्रतिकार उरला नाही तेव्हा. 'निष्प्रतिकार' ही अट आहे. तिच्याशिवाय ते व्रत नव्हे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी आणली तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो. संथारा म्हणजे आत्महत्या नव्हे, हे जगाला ओरडून सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा पेढे वाटले. मग ज्या अटीच्या जोरावर आपण कोर्टात उभे राहिलो, ती अट घरात विसरून कशी चालेल? उपचार आहे, माणसाला तो हवा आहे, आणि खर्च किंवा दगदग नको म्हणून त्याच्या बायकोच्या कानात व्रत सांगायचे, हा त्या व्रताचा अपमान आहे. कोर्टाने केला नाही तेवढा.

यांना मी हेही सांगितले. ते म्हणाले, "भव सुधारायला अजून थोडा वेळ लागेल मला. उधारी वसूल व्हायचीय."

ऑपरेशन झाले. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात, त्यातला वरचा काढला. आता मी काम सांगते, कारण 'सेवा' हा गुळगुळीत शब्द वापरून कामे दडवली जातात. छातीत नळी असते, तिला पाण्याची बाटली जोडलेली असते. ती बाटली छातीच्या वर कधीही उचलायची नाही, माणूस चालताना आपण ती खाली धरून सोबत चालायचे. तीन चेंडूंचे एक प्लास्टिकचे यंत्र असते. त्यातली हवा ओढून चेंडू वर न्यायचे. जागेपणी दर तासाला हे करून घ्यायचे, माणूस रागावला तरी. खोकला दाबू द्यायचा नाही. छातीशी उशी धरायला देऊन खोकू द्यायचे, नाहीतर कफ साठून न्यूमोनिया होतो. उजवा हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चढवायचा व्यायाम. मग चार किमो, दर एकवीस दिवसांनी एक. सिसप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड. पेमेट्रेक्सेडच्या आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-बाराचे इंजेक्शन. सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला सोसत नाही, म्हणून सलाइन आणि नंतरचे दिवस भरपूर पाणी. मळमळ. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज. तोंडात फोड, तिखट सोडा, कोमट वरणही झोंबते. एक-दीड आठवड्याने पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठेक. रात्री एक वाजता ते अंतर किती असते ते ज्याने कापले त्यालाच ठाऊक.

डॉक्टरांनी आकडेही सांगितले होते. ऑपरेशननंतर अशी किमो घेतली तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांत शंभरामागे साधारण पाच जणांची भर पडते. एका नातेवाइकाने हे ऐकून तोंड वाकडे केले, "पाच टक्क्यांसाठी एवढा त्रास?" कापडाच्या ठोक धंद्यात पाच टक्के सुटले तर हेच गृहस्थ साखरभात करतात. घ्यायची की नाही हा निर्णय यांचा होता. यांनी घेतली.

चौथी अडचण रात्रीच्या पाण्याची. यांचा चौविहार तीस वर्षांचा, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. सिसप्लॅटिनच्या दिवसांत मूत्रपिंड वाचवायचे तर रात्री पाणी लागते, डॉक्टरांनी बजावले होते. घरात कुजबुज सुरू झाली की आता हिने यांचा नियम मोडला. श्वेतांबर परंपरेच्या पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे सवलती, आणि त्यातली एक खास दुखण्यात समाधी टिकावी म्हणून, औषधासाठी ठेवलेली आहे. व्रत लिहिणाऱ्यांना माणूस आजारी पडतो हे माहीत होते. फक्त व्रत मोजणाऱ्यांना माहीत नाही. आणि आपल्या आचारातल्या ज्या गोष्टींचा खरेच उपयोग होता त्या कुणीच सांगितल्या नाहीत : उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, शिळे न खाणे, तोंडावर पट्टी. पेशी उतरलेल्या माणसासाठी डॉक्टरही हेच सांगतात. धर्म हवा तिथे होता. लोक नको तिथे त्याचा हात धरून ओढत होते.

आता मुख्य गोष्ट. ही सगळी कामे करताना मला रोज एक वाक्य ऐकू यायचे : "अशी पत्नी मिळायला पुण्य लागतं." सुरुवातीला मी हसून घेत असे. मग लक्षात आले की हे वाक्य म्हणणारा प्रत्येक जण ते म्हणून उठतो आणि घरी जातो. स्तुती म्हणजे सुटका असते. मला सती, सावित्री, चंदनबाला काय वाटेल ते म्हणा, पण एक रात्र खुर्चीवर कुणी बसेल का? नाही. दीर होते, पुतणे होते, मंडळाचे उत्साही तरुण होते, पंचकल्याणकाला तीन रात्री मांडव बांधणारे. "काकू, काही लागलं तर सांगा." लागलेच होते. सांगितलेही. एका रात्रीची झोप लागली होती.

किमोच्या वॉर्डात मी दर वेळी मोजत असे. आजारी पुरुषाच्या खुर्चीशेजारी त्याची बायको. आजारी बाईच्या शेजारी कोण? बहीण, आई, मुलगी, कधी शेजारीण. नवरे दिसत, नाही असे नाही, पण डब्याच्या वेळेला. हा केवळ माळव्याचा दोष समजू नका. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर आजाराची पाचशेच्या वर विवाहित माणसे पाहिली. आजारी नवरा होता तिथे सुमारे तीन टक्के जोडपी फुटली, आजारी बायको होती तिथे सुमारे एकवीस टक्के. आपल्याकडे घटस्फोट होत नाहीत म्हणून आपण चांगले, असे कुणी म्हणू नये. आपल्याकडे बाईला माहेरी पाठवतात. "तिथं आईकडे आराम मिळेल" म्हणून.

देवासमध्ये याच गोष्टीची एक जुनी साक्ष आहे. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला आले ते क्षयाने. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. एक फुफ्फुस निकामी झाले, वर्षानुवर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, त्यातून नवे गाणे जन्मले, ही कथा आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्या वर्षांत त्यांचे करणारी बाई कोण? भानुमती, मूळच्या कंस. स्वतः गाणे शिकलेल्या, मुंबईत देवधर मास्तरांकडे. लग्नाला वर्षही झाले नव्हते. नोकरी करून घर चालवले, पथ्यपाणी केले, तेही क्षयाला लोक दाराबाहेरून बोलत त्या काळात. मग स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, १९५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा गायला लागले. १९६१ साली भानुमती बाळंतपणात गेल्या. देवासच्या त्या घराचे नाव भानुकुल आहे, एवढे कृतज्ञ ते होते. पण आपण, ऐकणारे, ती कथा सांगताना कोकिळा, पाऊस, लोकधून सगळे सांगतो, आणि औषधाचे नाव आणि बाईचे नाव गाळतो. फुफ्फुस साधनेने बरे झाले नाही. औषधाने आणि शुश्रूषेने झाले. साधना त्यानंतर शक्य झाली.

एक गोष्ट आणखी बोलते, ती काहींना झोंबेल. वॉर्डातल्या निम्म्या खाटांवर विडी आणि जर्दा होता. आपण पाणी गाळून पितो, बटाटा खात नाही, मुंगी चुकवून पाय टाकतो. आणि आपल्याच कितीतरी पेढ्या विडीच्या पत्त्याच्या, जर्द्याच्या, पानमसाल्याच्या. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, विषाचा व्यापार. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला. त्यानंतर मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत आला, गिऱ्हाईकाने तोंडात एकत्र करायचा. ही युक्ती काढणाऱ्यांनी कोणत्या मंदिराला कळस दिला, हे मी विचारत नाही. यापुढे संगमरवरी पाटीवर नाव कोरताना पैसा कुठून आला एवढे विश्वस्तांनी विचारावे. सरकारने विचारले, शास्त्राने तर केव्हाच विचारले.

नुसते भांडून मी उठणार नाही. गाडगेबाबा शाळा शिकलेले नव्हते, जैनही नव्हते. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात, १९४१ पासून चालू असलेल्या, देशभरातून येणारे किती तरी रोगी आणि त्यांचे सोबती तिथे राहतात. हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर घेऊन फिरणाऱ्या माणसाला जे सुचले ते आपल्या कोट्यधीश ट्रस्टांना सुचायला काय हरकत आहे?

मला हवे आहे ते असे. इंदूरला आपल्या तीन तरी धर्मशाळा आहेत. त्यातल्या एकीत दोन खोल्या कॅन्सरच्या रोग्यांसाठी राखून ठेवा, लग्नसराईतही. मंडळाने पन्नास नावांची यादी करावी, ज्यांनी रात्र बसायचे कबूल केले आहे अशांची, आणि त्यात निम्मी नावे पुरुषांची असावीत. रात्री एक वाजता गाडी काढणाऱ्या पाच जणांचे फोन नंबर मंदिराच्या फळ्यावर लावा. ज्यांच्या घरी हा आजार होऊन गेला आहे त्यांनी नाव लपवणे सोडून महिन्यातून एक दुपार नव्यांना कागदपत्रे समजावून सांगावीत. आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कार्ड कुणाला मिळते, कसे काढायचे, हे मंडळाच्या सूचनाफलकावर स्नात्रपूजेच्या वेळेशेजारी लिहा. भेटायला जाल तेव्हा आधी विचारा की पेशी उतरल्यात का. उतरल्या असतील तर दारातून डबा द्या आणि परत या. आणि आत गेलात तर कर्म, भव, सल्लेखना हे तीन शब्द चपलांबरोबर बाहेर ठेवा.

आणखी एक. ज्या बाईने किंवा पुरुषाने वर्षभर घरच्या ग्लानाचे केले, तिला-त्याला मिरवणूक नको. चार दिवस सुट्टी द्या. तिच्या जागी तुम्ही बसा, तिला माहेरी झोपू द्या. यालाच वैयावृत्त्य म्हणतात.

यांच्या ऑपरेशनला आता दोन वर्षे झाली. ताजा स्कॅन स्वच्छ आहे. पाच वर्षे काढायची आहेत, ती एकेक सहा महिन्यांच्या स्कॅनने काढतो. पुढे काय ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

चातुर्मासाच्या नियोजनाची बैठक पर्युषणाच्या खूप आधी होते. त्यात मंडप, भोजन, पारणे, बोली असे विषय असतात. यंदा बायकांनी त्यात वर लिहिलेला विषय घालावा, अंदाजपत्रकात त्याला एक ओळ मागावी, आणि 'बघू' असे उत्तर आले तर खाली बसू नये. सूचक म्हणून माझे नाव लिहा. अनुमोदक कोण आहे?